शहापुरीं ऐकलेला सॅक्सोफोन

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे त्यांत हिमाच्छादित शिखरें, जुनीं देवालयें, निदान एखादा धबधबा तरी असावा, अशी वाचकांची अपेक्षा असते, आणि ती गैर नाहीं. परंतु आज ज्या गांवाची हकीकत आम्ही सांगणार आहों, तेथें यांपैकीं कांहींच पाहण्याचा योग आम्हांस आला नाहीं. भंडारा जिल्ह्यांतील शहापूर हें नागपुराहून पूर्वेस जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरील एक गांव. तेथें आम्ही उभयतां गेलों तें स्थलदर्शनाकरितां नव्हे, तर भाचीच्या लग्नाकरितां. वधूला बोहल्यापर्यंत पोंचविण्याचा मान मामाचा, म्हणून तीन दिवस आधींच निघालों. त्या तीन संध्याकाळीं आमच्या कानांवर जें पडलें, आणि त्यानें आमच्या मनांतील एका जुन्या समजुतीस जो धक्का बसला, तो वाचकांपुढें ठेवावा म्हणून हा प्रपंच.

नागपूर सोडल्यावर मौदा येथें कन्हान नदीचा पूल लागतो, आणि पुढें दोहों बाजूंस धानाची भूमि सुरू होते. मार्गशीर्षाचे दिवस होते. कापणी उरकली होती. बांध्यांतून नुसते खुंट उभे, आणि जागोजाग धानाचे पुंजणे रचलेले. एस. टी.च्या खिडकींतून कोवळें ऊन अंगावर घेत हा देखावा पाहण्यांत वेळ कसा गेला, तें कळलें नाहीं.

भंडारा शहर शहापुराहून थोड्याच अंतरावर आहे. त्याची जुनी ख्याति पितळी भांड्यांची. 'भाण' म्हणजे पितळी ताट, आणि त्यावरून भंडारा हें नांव पडलें, अशी एक व्युत्पत्ति सांगतात. आमच्या लहानपणीं घरांतील पाण्याचे हंडे भंडाऱ्याचेच होते. शहापुराची अलीकडची ओळख मात्र निराळी आहे. येथें अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि जवळच जवाहरनगर येथें संरक्षण खात्याकरितां स्फोटकें तयार करणारा मोठा कारखाना आहे. २४ जानेवारी २०२५ रोजीं त्या कारखान्यांत भयंकर स्फोट होऊन कित्येक कामगार प्राणांस मुकले. तें वृत्त आम्हीं वर्तमानपत्रांत वाचलें आणि हळहळलों. परंतु आमच्या बहिणीच्या सासूबाईंनीं तो आवाज घरीं देवापुढें बसलेल्या असतांना ऐकला होता. तेव्हांपासून कोठेंहि मोठा ठोका वाजला कीं त्या हातांतील माळ घट्ट धरतात. लग्नघरांत आम्ही पाऊल ठेवलें तेव्हां जो वाद चालू होता, त्याचें एक मूळ येथें होतें.

वाद असा. लग्नाच्या आदल्या संध्याकाळीं, सीमांतपूजन आटोपल्यावर, अंगणांत तरुण मंडळींस तासभर नाचावयाचें होतें, आणि त्याकरितां 'डीजे' हवा होता. ज्या वडीलधाऱ्या वाचकांस हा शब्द परका असेल त्यांच्याकरितां सांगतों. यांत वादक नसतात. एक तरुण संगणकापुढें उभा राहतो आणि यंत्रांत आधींच तयार करून ठेवलेलें संगीत एकास एक जोडून मोठमोठ्या ध्वनिक्षेपकांतून सोडतो. नागपूर-भंडाऱ्याकडे पूर्वीं वरातींत बँड असे; मग बेंजो, कीबोर्ड आणि विजेच्या पॅडवर वाजणारी धुमाल आली; आणि आतां हा डीजे. आवाज असा कीं खिडक्यांचीं तावदानें थरथरतात. निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनीं घातलेली आहे, आणि रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकास सामान्यतः बंदी आहे. पण लग्नसराईंत हे नियम कोण स्मरतो? मेहुण्यांनीं आपल्या मातोश्रींकडे बोट दाखवून साफ नकार दिला होता. अखेर आजींनींच तोड काढली. लहान ध्वनिक्षेपक आणा, आवाज माझ्या खोलीचें दार थरथरणार नाहीं इतकाच ठेवा, आणि नऊ वाजतां बंद करा, असें त्यांनीं सांगितलें.

परंतु यानें वाद मिटला नाहीं, कारण खरा वाद दुसराच होता. आमचा भाचा त्या महाविद्यालयांत शिकतो. त्यानें आठ महिन्यांपूर्वीं शिष्यवृत्तीचे पैसे साठवून एक जुना सॅक्सोफोन विकत घेतला होता, आणि बहिणीच्या लग्नांत डीजेच्या तालावर तो स्वतः वाजविणार होता. मेहुण्यांस हें मुळींच रुचलें नव्हतें. "पेटी शीक, तबला शीक, कोणी नाहीं म्हटलें आहे?" ते आम्हांस म्हणाले, "पण बाजेवाल्याचें वाद्य आमच्या घरांत! आणि शिकवितो कोण, तर बँडांतला मास्तर!" आम्ही मामा, भाच्याची बाजू घेणें आमचा धर्म. पण खरें सांगावयाचें तर आम्हांसहि मनांतून तसेंच वाटलें, आणि आम्ही गप्प राहिलों.

वास्तविक हें वाद्य बाजेवाल्याचें म्हणून जन्मास आलेलें नाहीं. बेल्जममधील दिनां या गांवीं १८१४ त जन्मलेल्या आदोल्फ साक्स नांवाच्या कारागिरानें तें तयार केलें, आणि १८४६ त पॅरिस येथें त्याचें पेटंट घेतलें. अंग सगळें पितळेचें. तरीहि पाश्चात्य शास्त्रकार त्याची गणना लांकडी सुषिर वाद्यांत करतात, कारण सूर निघतो तो तोंडाशीं बसविलेल्या वेताच्या पत्तीच्या कंपनानें. आमच्या सनईचीहि जात तीच. सनईस दुहेरी पत्ती असते, यास एकेरी, इतकाच भेद. पुढें तें लष्करी बँडांत शिरलें आणि अमेरिकेंत जाझ संगीताचें लाडकें झालें. मुंबईस राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत मनोहारी सिंग यांनीं त्याला चित्रपटसंगीतांत अढळ स्थान मिळवून दिलें. आणि मंगळूरकडील कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनीं तर त्यावर कर्नाटक संगीतांतील गमक उतरवून मोठमोठ्या सभा जिंकल्या. ते एका नागस्वरवादकाचे चिरंजीव. म्हैसूरच्या राजवाड्यांतील बँडांत त्यांनीं हें वाद्य प्रथम ऐकलें आणि त्याचा ध्यास घेतला. म्हणजे जें बँडांतून आलें तेंच सभेंत मानाच्या जागीं बसलें! ही हकीकत आम्हांस ठाऊक होती. ठाऊक असून ती मेहुण्यांस सांगण्याचें आम्हांस सुचलें नाहीं, यावरून समजुतीचें बळ किती असतें तें दिसतें.

पहिल्या संध्याकाळीं भाचा आम्हांस गच्चीवर घेऊन गेला. मास्तर आधींच येऊन बसले होते. सत्तरी ओलांडलेला, अंगानें कृश, डोक्यास मफलर गुंडाळलेला गृहस्थ. चाळीस वर्षें त्यांनीं लग्नाच्या बँडांत क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजविला. डीजे आल्यावर बँड मोडला. सोबती कोणी रिक्षा चालवूं लागले, कोणी मजुरीस लागले. भाच्याच्या जुन्या वाद्याच्या चाव्यांखालील गाद्या झिजून हवा गळत होती. त्या बदलून देणारा शोधतां शोधतां त्याला हे भेटले, आणि गाद्यांबरोबर गुरूहि लाभला.

भाच्यानें डीजे मित्राकडून आणलेलें एक नृत्यसंगीत भ्रमणध्वनीवर लावलें आणि त्यावर वाजविण्यास प्रारंभ केला. वाचकहो, तें वादन वर्णन करण्यासारखें नव्हतें. जेवढे सूर येत होते तेवढे सगळे, एकामागून एक, वहीवर शाईची दौत सांडावी तसे! आणि त्यांतला एकहि त्या संगीतास मिळेना. मास्तरांनीं शांतपणें यंत्र बंद केलें आणि म्हणाले, "बाबू, काहून घाई करून राहिला? मशीन कुठं पळून नाही जात. पहिले सा शोध."

येथें वाद्याची एक खोड सांगितली पाहिजे. आल्टो जातीच्या सॅक्सोफोनवर 'सी' स्वराची बोटें धरलीं, तर पेटीवरील पांढरी एक वाजत नाहीं. काळी दोन वाजते. वाद्याची घडणच तशी. त्या नृत्यसंगीताचा षड्ज होता पांढरी सहा. तो काढण्यास वादकानें 'एफ शार्प' ची बोटें धरावयास हवीं, आणि नवशिक्याची बोटें तेथें अडखळतात. भाचा म्हणाला, "मित्र सगळें संगीत यंत्रांतच तीन अर्धस्वर वर चढवून देईल, मग षड्ज पांढरी एक होईल आणि मला सोपा 'ए' धरतां येईल." मास्तर हंसले. "आमच्या वेळीं गाणारा बदलला कीं आम्हीच बोटं बदलवत होतो. पण तू नवा आहे, घे चढवून. पुढच्या वर्षीं मात्र बोटं बदल."

मग त्यांनीं सूर मोजून दिले. सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी, एवढे पांचच. सहावा सूर वाजविल्यास वाद्य काढून घेईन, असा दम भरला. हे सूर ऐकतांच आम्ही चमकलों, कारण हा तर आमचा धानी राग! पाश्चात्य संगीतांतहि याच पांच स्वरांपासून नवशिक्यांच्या उत्स्फूर्त वादनाचा आरंभ करून देतात. कारण सरळ आहे. या पांचांत कोणतेहि दोन सूर अर्ध्या स्वराच्या अंतरावर नाहींत; म्हणून खालीं चालणाऱ्या सुरावटीशीं ते कर्कशपणें आदळण्याचा संभव फार थोडा. चुकण्याच्या वाटा आधीं बंद कराव्या आणि मग मुलाला मोकळें सोडावें, ही युक्ति शिक्षणांत सर्वत्रच उपयोगी आहे.

दुसऱ्या संध्याकाळचा पाठ तालाचा होता. असल्या नृत्यसंगीतांत प्रत्येक मात्रेवर एक जड ठोका पडतो. मिनिटास सुमारें १२० ते १३० ठोके. चार मात्रांचे चार खंड म्हणजे सोळा मात्रा. आमच्या त्रितालाएवढेंच आवर्तन. १२० ची गति धरली तर तें बरोबर आठ सेकंदांत संपतें. पण तबलजी आणि यंत्र यांत एक मोठा फरक आहे. गवई समेस चुकला तर तबलजी त्याला सांभाळून घेतो, डोळ्यांनीं खूण करतो. यंत्र कोणासाठीं थांबत नाहीं. मास्तरांनीं सांगितलें, "एक आवर्तन वाजव, एक आवर्तन चूप राहा. चूप राहशील तेव्हां मोज." वाजविण्यापेक्षां हें गप्प राहणेंच भाच्यास जड गेलें. तिसऱ्या खंडांतच त्याचीं बोटें वळवळूं लागत.

या संगीतांत आणखी एक खुबी असते. मधेंच ठोका काढून घेतात, सुरांचा ताण वाढवीत नेतात, आणि ऐकणारांची उत्कंठा शिगेस पोंचली कीं ठोका पुन्हां दणक्यानें आणतात. यास 'ड्रॉप' म्हणतात. भाच्याची कल्पना अशी कीं त्याच क्षणीं आपण सर्वांत जोरानें वाजवावें. मास्तर म्हणाले, "तिथं लोकांना ठोका पाहिजे, तू नाही. तू त्याच्या आधीं चढ, आणि ठोका आला कीं बाजूला हो." आम्हांस तिहाई आठवली. तिहाईचें सारें सौंदर्य समेवर येऊन संपण्यांत आहे. सम आल्यावरहि जो बडबडत राहतो, त्यानें तिहाई केलीच नाहीं.

त्या रात्रीं भाच्यानें आम्हांस एक नवल सांगितलें. यंत्राच्या ठोक्यावर उत्स्फूर्त सूर हा प्रकार कांहीं परदेशांतून जशाचा तसा आलेला नाहीं. मुंबईच्या चित्रपटसृष्टींत वादक असलेले चरणजित सिंग यांनीं १९८२ त, जपानी बनावटीचीं त्या वेळीं नवीं असलेलीं इलेक्ट्रॉनिक वाद्यें घेऊन, भैरवी, ललत, यमन, मालकंस अशा दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. खालीं यंत्राचा अखंड ठोका, वर राग. ती तेव्हां फारशी खपली नाहीं. पुढें पांच वर्षांनीं, १९८७ त, शिकागो शहरांतून त्यांतल्याच एका यंत्राच्या साहाय्यानें घडविलेल्या 'ॲसिड हाऊस' नांवाच्या नृत्यसंगीताची पहिली गाजलेली ध्वनिमुद्रिका बाहेर पडली. आणि २०१० च्या सुमारास चरणजित सिंगांची जुनी ध्वनिमुद्रिका पुन्हां निघाली, तेव्हां दोहोंतील साम्य पाहून युरोपांतील जाणकार थक्क झाले. या दोन प्रवाहांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नव्हता. आयुष्याच्या उत्तरार्धांत चरणजित सिंगांस परदेशांतून आमंत्रणें आलीं. २०१५ त मुंबईस ते वारले. आमच्याच प्रांतांत राहून एखाद्यानें केलेलें काम आम्हांस बाहेरच्यांनीं सांगितल्यावर कळावें, ही गोष्ट आम्हांस बोंचली. खालीं गच्चीच्या पायरीवर बसून विडी विझवीत असलेल्या मास्तरांकडे पाहून ती अधिकच बोंचली.

तिसरा दिवस सीमांतपूजनाचा. संध्याकाळीं अंगणांत दिवे लागले, लहान ध्वनिक्षेपक मांडले गेले. थंडी कडक होती, आणि थंडींत या वाद्याचा सूर उतरतो. यंत्राचा सूर मात्र तसूभर हलत नाहीं. हें मास्तरांनीं आधींच बजावून ठेवलें होतें. म्हणून भाचा घरांत बसून वाद्यांत सावकाश ऊन श्वास सोडीत होता, आणि त्यावर त्यानें आजीची शाल गुंडाळली होती. बाहेर पडण्यापूर्वीं मास्तरांनीं पेटीवर सूर पाहिला. मुखाशींची नळी बुचावर किंचित आंत सारून तो जुळवून दिला, आणि स्वतः मांडवाच्या अगदीं कडेला, चपलांच्या ढिगाशेजारीं जाऊन उभे राहिले.

ठोका सुरू झाला. मुलेंमुली नाचूं लागलीं. भाचा पुढें आला, आणि एक आवर्तन आधींच शिरला. सूर बरोबर, जागा चूक. कोणी हंसलें. मेहुण्यांनीं मान खालीं घातली. आम्हांस वाटलें, पोरगा आतां घाबरून वाजवीतच सुटेल. पण त्यानें वाद्य ओठांपासून दूर केलें. उभा राहिला. ओठ हलत होते. तो मोजीत होता. एक आवर्तन गेलें, दुसरें गेलें. मग ठोका थांबला, ताण वाढूं लागला, आणि त्या मोकळ्या जागेंत त्यानें म धरला, त्यावरून प, आणि प वरून कोमल नीवर तो इतका वेळ थांबला कीं नाचणारेहि क्षणभर थबकले. मग वरचा षड्ज, नेमका समेवर. आणि ठोका परत आला तेव्हां तो बाजूला झालेला होता.

सगळे मिळून चारच सूर. त्यानंतर त्यानें आणखीहि वाजविलें. कांहीं साधलें, कांहीं फसलें. पण ते चार सूर आम्हीं कधीं विसरणार नाहीं. आजी दारांत खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांच्या हातांत माळ होती, आणि ती सैल होती.

नऊ वाजतां कार्यक्रम बंद झाला. पंगत बसूं लागली. वडाभाताचा आणि मठ्ठ्याचा वास सुटला होता. मास्तर मफलर गुंडाळून सायकलीकडे निघाले. आम्ही तें पाहत होतों, पण उठलों नाहीं. येथें एक कबुली दिली पाहिजे. आमच्या स्वतःच्या लग्नांत बँडवाले भर उन्हांत दोन तास उभे होते. त्यांना चहा निराळ्या पेल्यांतून दिला गेला, आणि पंगती उठल्यावर मांडवाबाहेर पान वाढलें गेलें. आम्ही तेव्हां चांगले पदवीधर होतों. संगीताचे शोकीन म्हणवीत होतों. आणि आम्हांस त्यांत कांहींहि वावगें वाटलें नव्हतें.

उठले ते मेहुणे. अंगण ओलांडून ते मास्तरांपाशीं गेले आणि म्हणाले, "मास्तर, पान वाढलें आहे." मास्तर चाचरत म्हणाले, "नाही साहेब, घरीं वाट पाहतील." मेहुण्यांनीं सायकलीच्या दांडीवर हात ठेवला. "फोन करून सांगा. माझ्या शेजारचा पाट तुमचा आहे." फार बोलण्याचा त्यांचा स्वभाव नाहीं, इतकेंच बोलले. मास्तर त्यांच्या उजवीकडे बसले. डावीकडची जागा आमच्यासाठीं राखलेली होती. ती सोडून आम्ही मास्तरांच्या पलीकडे जाऊन बसलों. जेवतांना त्यांनीं आम्हांस आपल्या बँडांतल्या सोबत्यांचीं नांवें एकेक करून सांगितलीं. त्यांतले दोघे आतां नाहींत.

दुसऱ्या दिवशीं लग्न यथासांग पार पडलें आणि आम्ही परत निघालों. निघतांना भाच्यास विचारलें, "आतां पुढें काय?" तो म्हणाला, "एफ शार्प, मामा. मास्तरांनीं वर्षाची मुदत दिली आहे. आणि बाबा म्हणतात, गच्चीवर थंडी फार असते. मास्तरांस बैठकीच्या खोलींत बसवीत जा."

आमच्या वाचकांच्या घरींहि एखादा मुलगा वा मुलगी आज ना उद्यां अशींच कांहीं अपरिचित वाद्यें आणि अपरिचित गुरु घेऊन येईल. नकार देण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांचा आहे, तो आम्ही नाकारीत नाहीं. एवढेंच सुचवितों कीं, तो बजावण्यापूर्वीं दोन संध्याकाळी त्यांच्यासमवेत गच्चीवर बसून पाहावें.